पंचफुलाबाईंचा नंबर

बँकेच्या खाप्याच्या शाखेत बदली झाली तेव्हा नागपूरच्या मीटिंगमध्ये मी छाती पुढे काढून सांगितलं, "मॅडम, वर्षभरात खाप्यात एकही डेबिट कार्ड पडून राहणार नाही." विभागप्रमुख वैदेही मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि लिहून घेतलं. बढाई मारताना समोरच्याच्या हातात पेन आहे का, एवढं तरी माणसाने पाहावं.

कार्डं सगळ्यांकडे होती. कुणाचं तांदळाच्या डब्यात, कुणाचं गादीखाली. एकीने देव्हाऱ्यात ठेवून त्यावर रोज हळदकुंकू वाहिलं होतं. ते कार्ड आंघोळ घातल्याशिवाय एटीएम मशीनने घेतलंच नसतं.

मी बचत गटाच्या बायकांचं शिबिर घेतलं. आवाज चढवून म्हणालो, "कार्डाचा हा चार आकडी पिन नंबर कोणालाही सांगायचा नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, नवऱ्यालाही नाही."

मागच्या रांगेतून पंचफुलाबाईंनी विचारलं, "नवऱ्याले काहून नाही?"

"नियम आहे, काकू."

"असं आहे का," म्हणाल्या आणि एकदम ताठ बसल्या. त्या बाजारात भाजी विकायच्या आणि त्यांचे यजमान चंद्रभानजी ती पिकवायचे. शिबिर संपल्यावर मी त्यांना मशीनपाशी नेलं आणि पाठ फिरवून उभा राहिलो. त्यांनी पदराआड हात धरून नंबर ठरवला. मला वाटलं, गड जिंकला.

दोनच दिवसांत चंद्रभानजी माझ्या टेबलाशी आले.

"साहेब, माह्या बुढीले काय शिकवलं तुमी?"

"का? काय झालं?"

"नंबर सांगत नाही. म्हणते, साहेबानं नाही म्हटलं. अवो, तिच्या दाढंत किती कीड आहे हेही मले माहीत आहे. अन् हा नंबर नाही?"

"पैसे हवेत का तुम्हाला?"

"पैसे ठेवा तुमच्यापाशी. मले नंबर पायजे."

बातमी गावभर झाली. नवऱ्यापासून लपवायचं काहीतरी बँक शिकवून राहिली, असं पारावर ठरलं. घरोघरी धुसफूस सुरू झाली. एका नवऱ्याने जेवण सोडलं, पण सकाळपुरतंच. आठवडाभरात गटाच्या अध्यक्ष रुख्मिणीबाई प्लास्टिकच्या पिशवीत पंचफुलाबाईंचं सोडून सगळ्यांची कार्डं घेऊन आल्या आणि पिशवी टेबलावर ठेवली. "घ्या बाप्पा तुमचे कार्ड. आमच्या घरात आधीच कमी भांडणं आहेत का?"

तडजोड करायला मी चंद्रभानजींच्या घरी गेलो. चुलीशी बसलेल्या पंचफुलाबाईंना म्हणालो, "काकू, सांगून टाका. माझी हरकत नाही."

"मंग तवा खोटं बोलले का तुमी?"

मी चहा प्यायलो.

"यायले माहं सारं माहीत आहे, साहेब," त्या भाकरी थापत म्हणाल्या. "किती खाल्लं, कवा झोपली, कोणासंग बोलली, सारं. एक गोष्ट राहू द्या न माही." मग नवऱ्याकडे वळल्या. "ओळखून दाखवा. बरोबर असन तं मी हाव म्हणीन."

"लग्नाचं साल," चंद्रभानजी म्हणाले.

"हट. त्या साली तुमच्या मायनं मले लई रडवलं."

तिघेही हसलो. त्यानंतर तो त्यांचा खेळच झाला. जेवताना ते एखादा आकडा टाकायचे आणि त्या मान हलवायच्या. बँकेत आले की चंद्रभानजी मला हरलेले आकडे सांगायचे. पैसे काढायला मात्र पंचफुलाबाई पूर्वीसारख्याच काउंटरच्या रांगेत उभ्या राहायच्या. मशीन बोलत नाही, म्हणायच्या.

थंडीत त्यांना ताप आला. नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथून त्या परत आल्या नाहीत.

महिना झाला असेल. चंद्रभानजी आले. खिशातून रुमाल काढला, त्यातून कार्ड काढलं. मी त्यांना बसवलं आणि वारसाचा फॉर्म पुढे केला. "यावर सही करा, काका. पैसे तुमच्या खात्यात येतील."

"फॉर्म भरल्यावर नंबर समजते का?"

"नाही. कार्ड बंद होतं."

त्यांनी फॉर्मची घडी घालून तो माझ्याकडे परत सरकवला. "नंबर कम्प्युटरात असन न?"

"नाही, काका. बँकेलाही तो दिसत नाही."

त्यांनी कार्ड रुमालाने पुसलं. "म्हणजे तिनं खरंच कोणाले नाही सांगतला," म्हणाले. त्या आवाजात दुःख होतं, पण थोडा अभिमानही होता.

न राहवून मी विचारलं, "दवाखान्यात विचारलं नाही?"

"तवा कोण विचारते, साहेब. तवा पाणी पी म्हटलं."

खातेदार गेल्याचं बँकेला कळलं की कार्ड बंद करावं लागतं. मला कळलं होतं. पण बँकेला अजून कुणी लेखी कळवलेलं नाही, असं मी स्वतःला समजावलं. नियमाचा एवढा भक्त असलेला मी. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी चंद्रभानजी येतात. मशीन दिवसाला तीन चुका माफ करतं. ते तीन आकडे टाकतात, तिन्ही चुकतात. कार्ड रुमालात ठेवून भाजी विकायला निघून जातात.

परवा नागपूरला मीटिंग झाली. पडद्यावर खाप्याचा तक्ता आला. वैदेही मॅडम म्हणाल्या, "श्रीधर, इतकी कार्डं पडून का आहेत?" मग त्यांनीच तक्त्यातल्या एका ओळीकडे बोट दाखवलं. "पण हे एक कार्ड बघा, दर आठवड्याला मशीनमध्ये जातं. पैसे निघालेले दिसत नाहीत, पण सवय तर लागली. कोण या पंचफुलाबाई? त्यांचा सत्कार करू, फोटो लावू."

"त्या येणार नाहीत, मॅडम."

"का? लाजतात?"

"हो. फार कमी बोलतात."

सत्काराची स्टीलची बाटली मीच खाप्याला घेऊन आलो. चंद्रभानजींनी ती उलटसुलट करून पाहिली. "बुढीनं कमावली," म्हणाले आणि पिशवीत टाकली.

मी विचारलं, "काका, नंबर जुळला तर काय काढणार?"

"काही नाही. घरी जाऊन तिच्या फोटोले सांगीन. ती हाव म्हणन."

मशीनने कार्ड आत घेतलं. चंद्रभानजींनी बटणांवर डाव्या हाताचा आडोसा धरला आणि थांबले. माझ्याकडे पाहू लागले.

"साहेब, तिकडं तोंड करा. कोणाले दाखवाचा नसते न."

मी पाठ फिरवून उभा राहिलो.