हेरंबची शाल आणि तीन तास चाळीस मिनिटं

बडोद्यातल्या मराठी माणसाला आयुष्यात एक तरी शाल मिळतेच. नाटकात हवालदार झालात, घ्या शाल! नातू दहावी पास झाला, आजोबांना शाल! पण सुभानपुऱ्यातला हेरंब चव्वेचाळीस वर्षांचा झाला तरी त्याचा खांदा कोराच होता, आणि हे त्याला फार लागलं होतं.

म्हणून त्याने मॅरेथॉन धावायचं ठरवलं. पाच किलोमीटर तो तेवीस मिनिटांत पळायचा. तो आकडा मोबाइलमधल्या सूत्रात घातला आणि उत्तर आलं, मॅरेथॉन तीन तास चाळीस मिनिटांत!

"अहो, पण एका दमात आजवर सगळ्यात जास्त किती धावलात?" त्याच्या बायकोने, स्नेहलताने विचारलं.

"दहा किलोमीटर."

"आणि मॅरेथॉन?"

"बेचाळीस. पण वेग असल्यावर अंतराचं काय घेऊन बसलीस! लांबलांबचे सराव वेग नसलेल्यांनी करायचे. शास्त्र आहे ते!"

"शास्त्राला गुडघे असतात का?"

हेरंब तडक मराठी मंडळाचे अध्यक्ष बळवंतराव यांच्याकडे गेला. बाकी कामांत मंडळ ढिम्म, पण सत्कार म्हटला की काय चपळाई! शर्यत पहाटे पाच वीसला सुटणार, म्हणजे नऊला सत्कार! शेवटच्या रेषेजवळ मांडव ठरला. शाल ऐंशी वर्षांच्या दिनकररावांच्या हस्ते. स्मृतिचिन्हसुद्धा आधीच कोरून आलं : 'अफाट चिकाटीबद्दल – ३ तास ४० मिनिटे.' नाव मात्र मंडळ कधीच कोरत नाही, कारण सत्कारमूर्ती ऐन वेळी बदलतात.

शर्यतीत पहिले पंधरा किलोमीटर हेरंब लोकांना हात हलवत पळाला. पंचविसाव्याला मांड्यांनी संप पुकारला. तिसाव्याला पाणी वाटणारी मुलगी म्हणाली, "काका, बेसी जाओ ने!" हा बसला. उठवायला दोघं लागले!

तेवढ्यात बळवंतरावांचा फोन. "अहो, कुठे आहात? साडेनऊ झाले!"

"आलोच!" हेरंब म्हणाला आणि कंबर धरून चालू लागला. सकाळी फिरायला निघालेल्या दोन आजीबाई "केम छो?" करत त्याला मागे टाकून गेल्या.

इकडे मांडवात बळवंतरावांचं भाषण तीनदा झालं. मंडळी एकेक करून सेव-उसळ खायला सटकली आणि खाऊन परत आली. दिनकरराव तेवढे शाल मांडीवर घेऊन जागचे हलले नाहीत.

हेरंब पोचला तेव्हा बारा चाळीस झाले होते. बळवंतरावांनी त्याच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग स्मृतिचिन्हाकडे.

"नऊपासून आत्तापर्यंत किती झाले हो?"

"तीन तास चाळीस मिनिटं," स्नेहलता म्हणाली.

"मग कोरलंय ते बरोबरच आहे की!" बळवंतराव उद्गारले आणि त्यांनी शाल दिनकररावांच्याच खांद्यावर घातली.

"अरे, मी नुसता बसलो होतो!"

"पण उठला नाहीत!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

हेरंबचा चेहरा एवढासा झाला. स्नेहलताला दया आली. तिने ओला पंचा पिळून त्याच्या खांद्यावर घातला. पुन्हा टाळ्या! हेरंबला भरून आलं. त्याने कमरेत वाकून सभेला नमस्कार केला.

वाकला तो वाकलाच. त्याला सरळ करायला दिनकरराव शालीसकट धावत आले.