हलणाऱ्या वस्तूंचे डॉक्टर

डॉ. झाडे कुणाच्याही घरी गेले, की नमस्काराच्या आधी टेबल हलवून बघतात. ते डुगडुगलं, की त्यांचा चेहरा उजळतो. "हलून राहिलं ना गा!" म्हणत ते खिशातला कागद काढतात, चार घड्या घालतात आणि टेबलाच्या पायाखाली सारतात. प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत बहुतेक जेवणं या घड्यांच्या भरवशावर होतात.

एका सत्कारात प्रमुख पाहुणे नेत्रदानाच्या महतीवर घसा कोरडा करत होते. समोरचं टेबल जरासं कलत होतं. झाडे सरळ मंचावर चढले, पाहुण्यांच्या पायांशी वाकले आणि निमंत्रणपत्रिका घडी करून टेबलाखाली सरकवून आले. पत्रिकेवर पाहुण्यांचा फोटो होता. त्या फोटोचा याहून भरीव उपयोग झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

हा माणूस धंतोलीतल्या आपल्या दवाखान्यात डोळ्यांची ऑपरेशनं करतो, हे सांगितलं की नवखा माणूस दचकतो. कारण झाडे स्वतः कधी स्थिर नसतात. बसले की पाय हलतो, उभे राहिले की हातातल्या किल्ल्या.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्याच त्यांच्या घराच्या फाटकाशी त्यांनी माझी हनुवटी धरली आणि मोबाईलचा टॉर्च उजव्या डोळ्यावर धरला. "इकडं पाह. आता तिकडं." मग घबाड सापडल्यासारखे ओरडले, "मास्तर, तुझं तर भिंगच हलून राहिलं!"

माझा डावा डोळा तरुणपणीच गेला. उजव्यात मोतीबिंदू पिकला होता, आणि त्याच डोळ्याला लहानपणी विटी लागली होती. डोळ्यातलं भिंग ज्या पिशवीत असतं, तिला धरणारे काही तंतू तेव्हाच तुटले असावेत. ऑपरेशनमध्ये ती पिशवी निसटली, तर माझं वाचन कायमचं संपलं असतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून वाचण्याखेरीज मला दुसरा उद्योग नाही. एका चकचकीत हॉस्पिटलात मला कारंजं, कॉफी आणि तीन पॅकेजं दाखवण्यात आली. डोळा बघितल्यावर मात्र "केस जरा वेगळी आहे" एवढंच ऐकायला मिळालं.

"भितं काहून?" हे ऐकून झाडे म्हणाले. "मच्छरदाणीचे दोन कोपरे तुटले, तं मच्छरदाणी फेकते का कोणी? आतून गोल कडं घालाचं, कपडा ताणून धरते. तसंच पिशवीत बारीकसं कडं बसवतो. मंग त्याच्यात नवं भिंग."

"आणि कडं नाही बसलं तर?"

"तं मले झोप नाही येणार," ते म्हणाले आणि किल्ल्या खुळखुळवत निघून गेले.

ऑपरेशनच्या टेबलावर मी जागाच होतो. चादरीखालून कान लावून त्यांच्या चुळबुळीची वाट पाहत होतो. चुळबूळ नव्हती. "पिशवी ढिली आहे. कडं द्या, सिस्टर," एवढं ऐकू आलं. त्या खोलीत बेचैन असलेला एकटा मीच होतो. शेवटी अगदी हळू आवाज आला, "बसलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पट्टी काढली. पाय पुन्हा हलू लागला होता. "काय दिसून राहिलं?"

मला त्यांचा चेहरा दिसला. गेली काही वर्षं तो माझ्यासाठी एक ओळखीचा धूसर गोळा होता. डाव्या कानाखाली दाढीचा एक पांढरा पट्टा वाढलेला होता. एका सकाळचा नव्हता तो.

"डॉक्टर, कानाखाली दाढी राहिलीय. चार-पाच दिवसांची असेल."

त्यांनी तिथं बोट फिरवलं. डोळा एवढं बारीक पाहतो आहे, म्हणून ते आनंदाने उडी मारतील, असं मला वाटलं होतं. ते स्टुलावर बसले.

"सुमन असती तं दारातूनच वापस धाडलं असतं," ते म्हणाले. त्यांच्या बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती. "पेशंट काही बोलत नाही गा. त्याहिले दिसतच नाही, अन् दिसाले लागलं का घरी जातात."

मग ड्रॉपची बाटली माझ्या हातात ठेवत ते म्हणाले, "सकाळी हे टाकलं का माझ्या फाटकाशी येत जा. मी दवाखान्यात निघाच्या आधी माझं तोंड एकडाव पाहून घेत जा."

"किती दिवस?" मी विचारलं.

"ड्रॉप महिनाभर आहेत," ते म्हणाले. "तू मात्र येत राह्यजो."