शून्य दुखणं

"या वेळचा गडी हमखास आहे, सर. एका पेल्यात डोकं धरून बसेल," विजयश्रीने आपल्या मार्गदर्शकांना छातीठोकपणे सांगितलं. न सांगून करते काय? दारूने अर्धशिशी उठते का, हे विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासण्यात तिची चार वर्षं गेली होती, आणि मुडबी गावाहून आणलेल्या अकराही जणांनी दर तासाला शून्य दुखणं सांगितलं होतं. बाराव्यानेही तेच सांगितलं तर विषय बंद, असं सरांनी बजावलं होतं. संशोधन म्हणजे दुसऱ्याचं डोकं दुखायची वाट बघत आपलं दुखवून घेणं, असं तिला हल्ली वाटू लागलं होतं.

बारावा धुळाप्पा. घोटभर घेतली तरी अर्धं डोकं फुटतं, असं गावभर सांगणारा. सकाळी दहाला त्याने देवाला दोन थेंब शिंपडून मोजलेला पेला रिकामा केला. ते दोन थेंबही तिने इमानदारीने वजा केले.

बाराला त्याने फेटा डोळ्यांवर ओढला.

"दुखतंय का, अप्पा?"

"न्हाई, अक्का. पर लाईट कामून जाळायलाव? उगं बिल येतंय."

तिने दिवा बंद केला आणि शून्य लिहिलं. माणूस तोंडाने सांगेल तेच लिहायचं, असा नियम होता. दोनला तो फोन आलाय म्हणत बाहेर पळाला. फोन टेबलावरच होता. परतला तो पिवळा पडून, मिशा पुसत.

"अप्पा, खरं सांगा. माझी चार वर्षं पाण्यात जातील."

"खरंच बरं हाय, अक्का. लई बरं हाय."

संध्याकाळी तिने त्याला जीपने घरी सोडलं. उंबरा ओलांडताच धुळाप्पा "मेलो गं" म्हणत बाजेवर कोसळला. त्याच्या बायकोने, बाणूबाईने, सवयीने त्याच्या डोक्याला फडकं आवळलं.

"मग मला का नाही सांगितलं?" विजयश्रीला रडू यायचंच बाकी होतं.

"कसं सांगावं, अक्का?" बाणूबाई म्हणाली. "तुमी मानानं बोलवलाव, आपल्या हातानं पेला दिलाव. वर तुमच्यामुळं डोस्कं दुखलं म्हणावं व्हय? आधीचे अकरा जण बी घरी येऊनच वरडले."

विजयश्री तिथेच उंबऱ्याशी बसली. आता बाराही जणांना पुन्हा पाजायचं, असा हिशेब ती करू लागली. बाणूबाईने तिच्यापुढे भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवला. पहिल्याच घासाला तिच्या डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहू लागलं.

"तिखट झालंय का, अक्का?"

"छे, छे," विजयश्री नाक पुसत म्हणाली. "फार छान झालंय. अजून थोडा वाढा."