हजेरीचे वाढीव नऊ किलो

नोंदकाकांनी त्या रविवारी सकाळी एक छोटासाच निर्णय घेतला. हजेरीचं वजन घरच्या घरी करायचं. एवढ्याशा निर्णयातून काय काय निघणार आहे हे ठाऊक असतं, तर ते त्या वजनकाट्याकडे फिरकलेही नसते.

नोंदकाका एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्ड रूममधले कारकून. बावीस वर्षं फायलींच्या धुळीत काढल्यावर त्यांचं एक मत पक्कं झालं होतं : नोंदीत असेल तेच खरं, बाकी सगळ्या गप्पा. (लग्नाचा वाढदिवस विसरले, तेव्हाही त्यांनी 'मला लेखी कळवलं नव्हतं' असा बचाव केला होता. दोन दिवस चहा स्वतः करून प्यावा लागला.) घरात बायको, सातवीतली मुलगी आणि गेल्या वर्षी जिन्याखाली सापडलेल्या दोघीजणी. कुत्री रोज काकांच्या जायच्या-यायच्या दोन्ही वेळा दारात उभी असायची, म्हणून ती हजेरी. मांजर हाक मारली की हमखास गायब, म्हणून ती रजा. नावं अर्थात काकांनीच ठेवलेली.

घरमालक खालच्या मजल्यावर राहायचे. त्यांनी दोघींना राहू दिलं होतं ते एका अटीवर. "दोन म्हणजे दोन," त्यांनी बजावलं होतं. "पिल्लं दिसली की त्याच दिवशी खोल्या रिकाम्या करा." त्यामुळे दोघींचं ऑपरेशन करून घेणं भाग होतं, आणि खासगी दवाखान्याचा आकडा ऐकून काका तिथल्याच बाकावर बसले होते. अशात मुलीने बातमी आणली. पुढच्या रविवारी जनावरांच्या धर्मादाय दवाखान्यात शिबिर होतं, ऑपरेशन फुकट. मांजरं सरसकट घेणार होते. कुत्री मात्र पंधरा किलोपर्यंतचीच.

घरात लगीनघाई उडाली. बायकोने रजाला स्वयंपाकाच्या काट्यावर परातीत बसवलं. साडेतीन किलो, काम झालं. हजेरी परातीत मावेना. तेव्हा नोंदकाका पुढे सरसावले.

"सोपं आहे. मी तिला उचलून मोठ्या काट्यावर उभा राहतो. येईल त्यातून माझं वजन वजा करायचं."

"आणि तुमचं वजन किती?" बायकोने विचारलं.

"अडुसष्ट."

"कधी केलंत?"

"अगं, करायचं काय त्यात? माझ्या सर्व्हिस बुकात आहे. आरोग्य तपासणी, अडुसष्ट किलो, खाली सही, शिक्का."

सही-शिक्क्यापुढे कोण काय बोलणार? काका हजेरीला घेऊन काट्यावर चढले. मुलीने वाकून आकडा वाचला. "एक्याण्णव."

काकांनी वजाबाकी कागदावर केली आणि त्यांचा चेहरा पडला. तेवीस. पंधराच्या वर आठ किलो.

"पण बाबा, तेवीस किलो उचलताना तुम्हाला धापही लागली नाही."

"अंगात ताकद असावी लागते," काका म्हणाले. त्या चिंतेतही त्यांना जरा बरं वाटलं.

मग काकांनी मोहीमच उघडली. फ्रिजच्या दारावर तक्ता लागला. वर ठळक अक्षरांत 'आहार तक्ता : हजेरी', खाली उकडलेला भोपळा, चिमूटभर भात, सकाळ-संध्याकाळ अर्धा तास चालणे, बिस्किटं पूर्ण बंद. चालायला बायको आणि मुलगी जायच्या. काका गॅलरीत खुर्ची टाकून वेळ लावायचे, कारण वेळेची नोंद नसेल तर व्यायामाला अर्थ काय? हजेरीची बिस्किटं वाया जाऊ नयेत म्हणून ती चहाबरोबर तेच संपवायचे. (अन्न टाकलेलं त्यांना खपत नसे.)

घरातल्यांचा काही भरवसा नव्हता. हजेरी पाय मुडपून बसायची आणि अशी काही बघायची की मुलीच्या हातातला घास आपोआप खाली पडायचा. तेव्हा काकांनी रजाच्या गळ्यातलं घुंगरू काढून बिस्किटांच्या डब्याला बांधलं. डबा हलला की घुंगरू वाजे, आणि काका जिथे असतील तिथून ओरडत, "कोण आहे? नोंद होतेय." आठवड्यात बायको दोनदा सापडली, मुलगी पाचदा. स्वतः काका डबा उघडत तेव्हाही घुंगरू वाजायचंच, पण ते कामकाज होतं.

शनिवारी सगळे श्वास रोखून काट्याभोवती उभे राहिले. मुलगी वाकली आणि तशीच वाकून राहिली.

"किती?" काकांनी वरून विचारलं.

"ब्याण्णव."

म्हणजे चोवीस. आठवडाभर भोपळा खाऊन कुत्री किलोभर वाढली होती. बायकोने कपाळावर हात मारला. मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आता घरमालक हजेरीला हाकलणार?" तिने विचारलं. दारात उभी राहणारी ती शेपटी नसली तर संध्याकाळी घरी यायचं कशाला, असं नोंदकाकांना अगदी मनापासून वाटलं. त्यांना दुःख झालं की ते अर्ज लिहीत. त्यांनी अर्ज लिहायला घेतला.

रविवारी सकाळी दवाखान्यात ही गर्दी. रजा पिशवीतून डोकं काढून सगळ्यांवर गुरगुरत होती. नंबर आला तसा काकांनी डॉक्टरबाईंपुढे अर्ज ठेवला, तीन प्रतींत. विषय : नऊ किलो जादा वजनास विशेष बाब म्हणून सवलत मिळणेबाबत.

बाईंनी अर्ज वाचला, चष्म्यावरून हजेरीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काट्यावर घ्या तिला."

हजेरी टुणकन चढली. चौदा.

बायकोने मुलीला मिठीच मारली. एवढ्यावर गप्प बसले असते तर ते नोंदकाका कसले?

"बाई, तुमचा काटा बिघडलाय," ते म्हणाले. "दहा किलो कमी दाखवतोय."

"अहो, चला," बायको दबक्या आवाजात म्हणाली. "होतंय ना काम?"

"अगं, खोट्या नोंदीवर ऑपरेशन? भुलीचं औषध वजनावर देतात, चुकून काही झालं तर?" काका कळवळून बोलत होते. "थांबा, सिद्धच करतो. माझं वजन अडुसष्ट. आता हा अठ्ठावन्न दाखवेल." आणि ते ऐटीत काट्यावर उभे राहिले.

अठ्ठ्याहत्तर.

"बघितलंत?" काका विजयाने म्हणाले. "दहा जास्त दाखवतोय."

"मघाशी कमी दाखवत होता," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच म्हणतो, फार बिघडलाय."

बायकोने पिशवीतून रजाला काढलं आणि काट्यावर ठेवलं. साडेतीन किलो, परातीत भरली तेवढीच. मग तिने मांजरीकडे पाहिलं, कुत्रीकडे पाहिलं आणि शेवटी काकांच्या शर्टाच्या मधल्या बटणाकडे पाहिलं. ते बटण गेले काही महिने मोठ्या हिमतीने तग धरून होतं.

"अहो," तिने शांतपणे विचारलं, "त्या सर्व्हिस बुकात तारीख कधीची आहे?"

काकांनी आठवून पाहिलं. नोकरीचा पहिला दिवस, बावीस वर्षांपूर्वीचा.

मागच्या रांगेत हसू फुटलं. डॉक्टरबाईंनी अर्ज परत केला. "सवलतीची गरज नाही. अट कुत्र्यांसाठी आहे, मालकांसाठी नाही."

दोघींची ऑपरेशनं उत्तम झाली. घरमालकांनी स्वतः वर येऊन चौकशी केली, हजेरीच्या डोक्यावरून हातही फिरवला. चार दिवसांत तिला पूर्वीचा खाऊ सुरू झाला. फ्रिजवरचा तक्ता मात्र उतरला नाही. मुलीने 'हजेरी' खोडून वर 'बाबा' लिहिलं होतं, बाकी भोपळ्यासकट सगळं तसंच.

"खाडाखोडीवर सही नाही," काकांनी आक्षेप घेतला. "ग्राह्य धरता येणार नाही."

बायकोने पेन घेतलं आणि सही केली, तारखेसकट.

त्या संध्याकाळी बाहेरच्या खोलीत जरा शांतता आहे असं पाहून काका स्वयंपाकघरात शिरले आणि अगदी हळू डब्याला हात लावला. घुंगरू वाजलं.

"कोण आहे?" बाहेरून बायकोचा आवाज आला. "नोंद होतेय."

"रजा असेल," काका म्हणाले.

"रजा माझ्या मांडीवर झोपलीय."

"मग हजेरी."

"ती माझ्या पायाशी आहे. आता उरलं कोण, ते तुम्हीच लिहा."

नोंदकाकांनी मुकाट्याने झाकण लावलं. घुंगरू पुन्हा वाजलं, आणि त्याचीही नोंद झाली.