सबनीसाच्या फ्रीजमधली थंडी

सबनीसाच्या घरी जायचं असेल तर पिशवीत सफरचंद नेऊ नका. दारातच अडवतो. विमानतळावरची माणसं बरी, ती निदान यंत्रातून बघतात. हा थेट पिशवीत नाक घालतो. "सफरचंद? केळं? पेरू? काही पिकणारं आहे का?" आहे म्हटलं की पिशवी बाहेर, तुम्ही आत. माझ्या सुनेनं एकदा कौतुकानं फळांची परडी नेली, तर ती उचलून गेटाबाहेर ठेवून आला, आणि वर तिलाच म्हणाला, "शिस्त असावी लागते."

एवढी शिस्त कशासाठी? तर फुलासाठी. डॅफोडिल नावाचं विलायती फूल आहे. त्यातही याला मोठं नको, बुटकं पाहिजे. वीतभर सुद्धा नाही, चार बोटं उंच. फूल कोटाच्या गुंडीएवढं. आणि हे कुठं लावतो, तर दोह्यात, गराफा नावाच्या भागात, आमच्या शेजारच्या व्हिलात. जिथं उन्हाळ्यात गार पाण्याच्या नळाखाली हात धरला तर भाजतो, तिथं याला बर्फाळ मुलखातलं फूल पाहिजे.

मी शिकलेला माणूस नाही. सातवीपर्यंत गेलो, तेही मास्तर ओळखीचे होते म्हणून. तीस वर्षं या देशात एसी आणि फ्रीज दुरुस्त केले. आता हात कापतात, म्हणून मुलाच्या व्हिसावर मुलाच्या घरी बसून असतो. पण सबनीस पुण्याचा इंजिनीअर. फुटबॉलच्या वर्ल्ड कपसाठी स्टेडियम बांधत होते, त्यातल्या एकाच्या गारव्याचं काम याच्याकडं. दिवसभर हजारो खुर्च्यांखाली गार हवा सोडायची आणि घरी येऊन कांदे गार करायचे.

कांदा म्हटलेलं त्याला चालत नाही. "कांदा नव्हे तात्या, कंद!" दिसायला लसणीएवढा कांदाच असतो. त्याला दहा-बारा आठवडे थंडी लागते, नाहीतर आतली कळी जागी होत नाही म्हणे. इथं थंडी कुठली? मग फ्रीजमध्ये. घरात एकच फ्रीज, आणि त्यात खायचं काहीही नाही. हा माणूस दूध पावडरीचं पितो, खबूस, म्हणजे इथली रोटी, लोणच्याशी खातो, आणि कांदे मात्र पाच डिग्रीत झोपलेले. फ्रीजची एक चावी माझ्याकडं. घराचीही. फ्रीजनं जरा वेगळा आवाज काढला की फोन येतो, "तात्या, यल्ला, लवकर या, कण्हतोय!" पोराला ताप आल्यासारखा. मी जाऊन बघतो तर फ्रीज मजेत असतो, ताप यालाच आलेला असतो.

फळांचं कारण त्यानं मला शंभरदा सांगितलं. पिकणाऱ्या फळातून एक वायू सुटतो, आणि बंद फ्रीजमध्ये तो कांद्याला लागला की आतली कळी आतल्या आत मरते. बाहेरून काही दिसत नाही. मी मान हलवायचो. मनात म्हणायचो, मी हजार फ्रीज उघडलेत, एकातही कुणी वायूनं मेलेलं बघितलं नाही.

आता त्याच्याकडचं लग्न सांगतो. दोन जातींची फुलं एकाच वेळी उमलली की हा त्यांचं लावतो. एका फुलाच्या पोटातले पिवळे तुरे चिमट्यानं उपटायचे, दुसऱ्याचे पराग रंगाच्या ब्रशनं त्याच्यावर लावायचे, आणि वर मलमलची पिशवी बांधायची, दुसरं कुणी येऊ नये म्हणून. असं एक लग्न नेमकं कामाच्या दिवशी आलं. यानं ऑफिसात लिहून दिलं, 'घरी लग्न आहे, अर्धी रजा द्यावी.' दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या पंधरा जणांनी मिळून डिनर सेट आणला. याची मुलगी लग्नाची, असा त्यांचा समज. साहेब म्हणतोय, फोटो दाखवा. यानं दाखवला! दोन कुंड्या आणि एक पिशवी.

"डिनर सेट परत घेतला का हो त्यांनी?" मी विचारलं.

"नाही. एका फिलिपिनो बाईंनी तेवढं विचारलं, वधू कोणती."

त्या लग्नातून चाळीस बिया आल्या. बी पेरल्यापासून फूल यायला पाच वर्षं. पहिल्या वर्षी गवताची काडी येते, ती बघून हा नाचला होता. नऊ काड्या उगवल्या. त्यातल्या आठ काड्या उन्हाळ्यानं नेल्या. राहिला एक कांदा. त्या एकासाठी हा मे-जूनची सुट्टीसुद्धा घेईना. बायको पुण्याला असते. दोघांचं काय बिनसलं ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

वर्ल्ड कप उन्हाळ्यातून काढून हिवाळ्यात नेला, तेव्हा सगळी दुनिया भांडत होती. सबनीस खूश. "बघा तात्या, बरोबर माझ्या फुलाच्या वेळेला आणला." जसा काही त्याला विचारून नेला. पुढं वर्ल्ड कपचं वर्ष आलं. कंपाउंडमध्ये घराघरावर झेंडे लागले, नातवंडं गालाला रंग फासून फिरायला लागली, आणि स्टेडियम गार करणारा हा बाबा मला विचारतो, "एका बाजूला किती जण असतात हो?"

पण त्या वर्षी त्याच्या चेष्टेला जरा धार लागायची, कारण वर्ल्ड कप संपला की त्याचं काम खलास, काम खलास की व्हिसा खलास. आणि तो शेवटचा कांदा यंदा फुलायचा होता. पहिल्यांदाच. यंदा फुलला तर हा बघणार, नाहीतर नाही. माती लागलेलं काही विमानात नेऊ देत नाहीत, म्हणायचा.

आता माझं सांगतो. आमची ही जाऊन ऑक्टोबरात वर्ष होत होतं. तिला सीताफळाचा भारी सोस. एका बैठकीला चार खायची, आणि बिया माझ्या हातात द्यायची. श्राद्धाला पानात सीताफळ पाहिजे, असं मी गावाकडं सांगून ठेवलं होतं. पुतण्याचा दोस्त घेऊन आला, पण आठ दिवस आधी, आणि निम्मी डोळे उघडलेली, पिकायला लागलेली. आमचा फ्रीज सुनेच्या डब्यांनी भरलेला. मी म्हटलं, चावी आहे. सबनीस तेव्हा स्टेडियमच्या चाचण्यांत, सकाळी गेलेला अंधार पडल्यावर यायचा. खालच्या कप्प्यात बारा सीताफळं ठेवली आणि आलो. वायू-बियू मला पटतच नव्हता. श्राद्धाच्या सकाळी गुपचूप काढून आणली, वरच्या कप्प्यांकडं बघितलंही नाही. एकसुद्धा बिघडलं नव्हतं. सबनीस कामातून वेळ काढून जेवायला आला, दोन खाल्ली, म्हणाला, "गोड आहेत."

वर्ल्ड कप सुरू झाला. कुंडीत पानं आली, चांगली हिरवीगार. कळी नाही. सबनीस रोज भिंग घेऊन बसायचा. आठवडा गेला, दोन गेले. मला जेवण गोड लागेना. शेवटी एका दुपारी गेलो. सगळं कंपाउंड टीव्हीसमोर, हा अंगणात कुंडीसमोर.

"साहेब, एक सांगायचं होतं. तुमच्या फ्रीजमध्ये मी फळं ठेवली होती. सीताफळं. तुमच्या फुलाचा जीव मी घेतला."

त्यानं भिंग खाली ठेवलं नाही. "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"त्याच दिवशी कळलं. दार उघडलं तर घमघमाट."

"मग फेकून का नाही दिलीत? मला दोन शिव्या घालायच्या!"

"काय सांगू फोन करून? वहिनींचं श्राद्ध आहे, फळं उचला?" तो पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलला. "मी कंद बाहेर काढले. वायू लागला नसेल फारसा. थंडी तीन आठवडे कमी पडली, एवढंच."

"फळं नेल्यावर परत ठेवायचे!"

"एकदा जाग आली की पुन्हा झोपत नाहीत, तात्या. कंद चांगला आहे. पुढच्या वर्षी येईल फूल."

"पुढच्या वर्षी तुम्ही कुठं असणार?"

त्यानं भिंग खाली ठेवलं. पानावरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाला, "चार वर्षं वहिनी रोज सकाळी भिंतीपाशी यायच्या. विचारायच्या, 'भावजी, आलं का फूल?' मी सांगत बसायचो आणि त्या ऐकत उभ्या राहायच्या, हातात लाटणं. या देशात मला दुसऱ्या कुणी कधी विचारलं नाही."

मला हे ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं तिच्याबरोबर काढली. सकाळी पोळ्यांना उशीर झाला की मी ओरडायचो, कुठं उलथलीस म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपाशी गेलो. सबनीस कुंडीला पाणी घालत होता. फूल येणार नाही हे मला ठाऊक होतं, त्यालाही.

"आलं का फूल?" मी विचारलं.

"अजून नाही," तो म्हणाला, आणि झारी खाली ठेवून सांगायला लागला. अर्धा तास बोलला. निम्मं मला कळलं नाही आणि गुडघे दुखत होते. मी उभा राहिलो.