फुलांची प्रतवारी

आमचं घर तंबाखूवर जगलं. म्हणजे शेत दुसऱ्याचं, तंबाखू दुसऱ्याची, खोकला तेवढा आमचा. वडील गेल्यावर आईनं निपाणीतल्या एका वखारीत तंबाखूच्या पानांची प्रत लावायचं काम धरलं आणि माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, शाळा सोडवून तिलाही बरोबर नेलं. हंगामात दोघी शेतावर, एरवी वखारीत. मला मात्र शाळेत ठेवलं. मी बी.कॉम. झालो. आमच्या सात पिढ्यांत पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या हातात आला, आणि ते मी कुणालाही, त्यानं न विचारता, सांगतो.

आक्काला त्याचं कौतुक आहे. ती मला नावानं हाक मारत नाही. "ए बी.कॉम., दळाण आण जा" असं गल्लीला ऐकू जाईल असं म्हणते.

आक्काचं नाव मंगल. मंगळवारी जन्मली म्हणून मंगल. कुणी फार विचार केला नाही. लग्न तिनं केलं नाही. का, ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायची आमची छाती झाली नाही. आई गेली, वखार सुटली, तरी वखारीची सवय सुटली नाही. हातात येईल ती वस्तू ती बोटांत चुरगळते, नाकाशी नेते, डोळे बारीक करते आणि प्रत ठरवते. भाजी, साबण, माझे साहेब, सगळ्याला नंबर. "दोन नंबरचा माल" हा तिच्याकडचा बरा शेरा. एक नंबर तिनं कुणाला दिल्याचं मला आठवत नाही.

अशा बाईवर माझ्या मुलीचं नाव ठेवायची वेळ आली. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि मुलीला आत्या एकच. आक्कानं मुलीला पाळण्यात बघितलं आणि जाहीर केलं, "नाव फुलाचंच पायजे."

माझी बायको शिल्पा बेळगावची, खासबागची. तिलाही फुलाचंच नाव हवं होतं. नणंद-भावजयीचं पहिल्या फटक्यात एकमत झालं म्हणून मी पेढे आणले. ते घाईचं ठरलं.

"जुई कसं वाटतं, वन्सं?" शिल्पानं विचारलं.

"बारीक माल. वाऱ्यानं उडंल. तीन नंबर."

मी शेवंती म्हणालो.

"ट्रॅक्टरच्या पूजेला बी शेवंती आनी मयताला बी शेवंती. त्येला काय मान हाय काय?"

"निशिगंधा?"

"लग्नाच्या गाडीला बांधत्यात. दुसऱ्या दिवशी त्येचं त्वांड बघितलंस कधी?"

जास्वंदीचं तर नावच काढू नको म्हणाली. सकाळी फिरायला येणारी शिकलेली माणसं कुंपणावरून हात घालून पिशव्या भरून नेतात, ते ती रोज बघते. कमळ म्हटल्यावर म्हणाली, "का? पोरीला निवडणुकीला हुबी करतोस व्हय?" शेवटी मी मोबाईलवर शोधून डेझी म्हणालो.

"डाक्टरांच्या कुत्रीचं नाव हाय त्ये, बी.कॉम."

मी बाजारातून फुलं आणू लागलो. नाव ऐकून नाही तर फूल बघून तरी पटेल. आक्का चष्मा लावून ताट मांडीवर घ्यायची आणि एकेक पाकळी चुरगळायची. जाई, बकुळ, अबोली, सोनचाफा, सगळी नापास झाली. आमच्या घरात कचरा तेवढा सुवासिक झाला. बारावा दिवस केव्हाच गेला होता, सव्वा महिनाही गेला. शेजारणी मुलीला "बाळी" म्हणू लागल्या आणि नाव तेच पडतंय की काय अशी मला धास्ती बसली. शिल्पानं शेवटी मला बजावलं, "रविवारी बारसं. वन्संनी नाव नाही दिलं तर मी देईन. मग मला बोल लावायचा नाही."

मी ते आक्काला सांगितलं. "ठीव म्हणावं," असं म्हणून ती तांदूळ निवडत बसली. पण वेचून काढलेले खडे पुन्हा सुपातच पडत होते.

शुक्रवारी दुपारी शिल्पा मुलीला घेऊन स्वयंपाकघरात आली. गॅसवर दूध होतं.

"वन्सं, हिला जरा धरा, दूध वर आलंय."

आक्का उठली आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन भिंतीला टेकली. "ए बी.कॉम.! धर की पोरीला! कुठं गेलाईस?"

मी येईपर्यंत दूध शेगडीभर झालं. शिल्पानं गॅस बंद केला. मला वाटलं, आता भांडण. पण ती आक्काकडे बघत राहिली.

"वन्सं, तुम्ही हिला अजून एकदापण घेतलं नाही."

"हाताला वास हाय," आक्का म्हणाली.

"कसला?"

"तंबाखूचा. चिंच लावली, लिंबू लावलं, राख लावली. जाईत न्हाय." मग ती आमच्याकडे न बघता बोलत राहिली. "तंबाखूला फूल आलं की शेंडा खुडाय लागतोय. न्हायतर पान फुगत न्हाय. चीक बसतोय हाताला, काळा. शिवारंच्या शिवारं खुडलीती मी. ह्या हातानं पोरीला घिऊन फुलाचं नाव ठिवू म्हंतीस?"

"मग फुलाचंच पाहिजे म्हणून हटून का बसलाय?"

"पोरीला शोभंल की गं त्ये."

शिल्पा शहरात, खासबागेत वाढलेली. तंबाखूचं फूल तिनं कधी बघितलं नव्हतं. कसं असतं, तिनं विचारलं.

"फिक्कट गुलाबी. कर्ण्यावानी. लई देखणं असतंय." आक्का म्हणाली. "कळीलाच खुडायचं म्हंत्यात. एखादं चुकून ऱ्हायाचं."

शिल्पानं तिचा हात पाठीमागून ओढून काढला आणि नाकाशी धरला. चांगला लांब वास घेतला.

"लसूण आहे वन्सं. सकाळची फोडणी." आणि मुलगी आक्काच्या हातात दिली.

मुलगी शिंकली.

"बघ! बघ! मी म्हटलं हुतं की!" आक्का म्हणाली.

"तिला कालपासनं सर्दी आहे. नीट धरा, मान सांभाळा."

आक्का मान सांभाळत तशीच जमिनीवर बसली. संध्याकाळचा चहा मी केला, कारण ती उठेना.

रविवारी बायकांनी घर भरलं. आक्कानं मुलीच्या कानाशी तोंड नेऊन "कुर्रर्र" केलं, बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले, तरी ती वर येईना.

"आगं मंगल, आमाला बी सांग की!"

"कुसुम," आक्का म्हणाली.

शिल्पाच्या मैत्रिणींनी एकमेकींकडे बघितलं. नाव जुनंच होतं. शेजारची म्हातारी म्हणाली, "कुसुम म्हंजे कुठलं गं फूल?"

"कुठलं बी," आक्का म्हणाली. "सगळी फुलं आली त्यात. एक म्हणून वगळायचं न्हाय."

मी शिल्पाकडे बघितलं. ती पदरानं डोळे पुसत होती आणि धूप फार झालाय म्हणत होती. धूप अजून कुणी लावलाच नव्हता.

पुढच्या आठवड्यात मी रजा टाकून नगरपालिकेत जाऊन आलो. निपाणी कर्नाटकात, म्हणून जन्मदाखल्यावर आधी कन्नडमध्ये आणि खाली इंग्रजीत नाव आलं आहे. माझ्या मुलीचं नाव कुसुम. ते तिच्या आत्यानं ठेवलं.