बाळंतिणीची शेगडी आणि खात्याची गाडी

गाडीचं दुखणं धुरावरून ओळखावं तर लीलाधरभाऊंनीच, असं निदान लीलाधरभाऊंचं तरी मत होतं.

"काळा धूर म्हणजे गाडीनं जास्त खाल्लं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, वय झालं. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर येतंय, गाडीला थंडी वाजतेय." हे ते शिंदखेड्याच्या टपरीवर इतक्या ठामपणे सांगायचे, की समोरचा विडी ओढता ओढता स्वतःच्याच धुराचा रंग बघायला लागायचा.

लीलाधरभाऊ मूळचे असोद्याचे, पण असोद्याच्या घरात ते वर्षातून आठ दिवस टिकले तर खूप. अकरा वर्षं ते शेती खात्याची बियाणं-प्रचाराची गाडी चालवत होते. चौऱ्याहत्तर सालची डिझेलची गाडी, लांब नाकाची. मागच्या डब्यात दोन बाकं, रॉकेलचा स्टोव्ह, हात धुवायचं भांडं आणि गावोगावी पडद्यावर बोलपट दाखवायचं यंत्र. मुली सासरी गेल्या तशा त्यांच्या बायको कुंदाबाईसुद्धा लोणच्याची बरणी आणि देवांचा डबा घेऊन गाडीत राहायला आल्या. आज या गावात, परवा त्या गावात. दाराशी कधी केळीचा बाग, कधी कापसाचं शेत. कुंदाबाई म्हणायच्या, एवढं अंगण तर जामनेरच्या मोठ्या बागाइतदारालाही नाही.

आणि एक्क्याण्णव सालच्या जानेवारीत नेमकी हीच गाडी धूर काढायला लागली.

रोज सकाळी पहिल्यांदा चालू केली, की पांढऱ्याफटक धुरानं गल्ली भरून जायची. पाच मिनिटांनी इंजिन तापलं, की धूर गायब. लीलाधरभाऊंनी रीतसर तपासणी केली. धुराच्या नळीपुढं पांढरा रुमाल धरला. तो ओला झाला, कच्च्या डिझेलचा वास आला, पण ऑइलचा डाग नाही. रेडिएटरचं पाणी आठ दिवस मोजलं, थेंबभरही कमी झालं नाही, म्हणजे इंजिनचं हेड शाबूत. मग बल्ब लावून थंड इंजिन तापवणारे चारही हीटर प्लग तपासले. दोन मेलेले. निदान अगदी बिनचूक होतं. फक्त प्लग मिळत नव्हते. वरून उत्तर आलं, 'गाडी जुनी असल्याने सुटे भाग उपलब्ध नाहीत.'

"राहू दे की," कुंदाबाई म्हणाल्या. "पाच मिनिटं धूर काढते बिचारी. तुम्ही दिवसभर विड्या ओढता."

लीलाधरभाऊ राहू देणारच होते. पण मंगळवारी पोस्टात त्यांच्या नावानं फोन आला. धुळ्याच्या कचेरीतले हेडक्लार्क रुपचंद बोलत होते.

"लीलाभाऊ, उद्या सकाळी सातला नाशिकचे साहेब तुमची गाडी बघणार. थंड इंजिन त्यांच्यासमोर चालू करायचं. धूर निघतो की नाही तेवढंच बघायचंय त्यांना."

"आणि निघाला तर?"

"ते मला कोण सांगतं? पण मागच्या वर्षी साक्रीकडच्या जीपनं धूर काढला होता, तिचं काय झालं आठवतं ना?"

फोन तुटला. ती जीप भंगारात गेली होती, आणि तिचा ड्रायव्हर वना आता धुळ्याच्या कचेरीत पाकिटांना डिंक लावत बसायचा. चार महिन्यांत त्याला चष्मा लागला होता.

तरी त्यांनी मनाशी एक युक्ती काढली. पहाटे पाचला गाडी चालू करायची, धूर काय तो काढून टाकायचा आणि सातला साळसूद चेहऱ्यानं उभं राहायचं. पण साहेबही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. मुक्कामाला विश्रामगृहावर आले आणि संध्याकाळीच शिपाई पाठवून गाडीची किल्ली मागवून घेतली.

किल्ली गेली आणि तिच्याबरोबर युक्तीही गेली. पहाटे साडेपाचला ते बोचऱ्या थंडीत बोनेटवर हात ठेवून उभे होते. लोखंड बर्फासारखं लागत होतं. त्यांना खरोखर भीती वाटत होती. डिंकाची नव्हे, तर रात्री झोपताना डोक्यावर हे पत्र्याचं छप्पर नसेल याची. आत कुंदाबाई निजल्या होत्या. त्यांना उठवून काय सांगायचं, तेही सुचत नव्हतं.

गाडी उभी होती भिकुबाईंच्या खळ्यात. भिकुबाई सत्तरीच्या सुईण, आणि गावातली अर्धी पोरं त्यांच्याच हातची.

"काय रे भाऊ, तोंड कसाले उतरेल शे?" त्यांनी विचारलं.

लीलाधरभाऊंनी सगळं सांगितलं. प्लग, धूर, साहेब, किल्ली. भिकुबाईंनी त्यातलं एकच ऐकलं.

"म्हणजे गाडीले थंडी वाजस. मंग त्यामां काय? शेक दे. मन्ही सूनले सव्वा महिना शेक दिधा, आते ती एकली विहीरनं पाणी वढस."

लीलाधरभाऊ हसणार होते, पण थांबले. म्हातारी बरोबर बोलत होती. थंड मुलखातले ट्रकवाले इंजिनखाली निखारे ठेवतात, हे त्यांनीच टपरीवर शंभर वेळा सांगितलं होतं. फक्त त्या गोष्टीत निखारे दुसऱ्याच्या गाडीखाली असायचे.

भिकुबाईंनी शेगडी फुलवून आणली आणि ऑइलच्या चेंबरखाली सरकवली. मग घरातली जाड गोधडी आणून बोनेटवर घातली, कडा नीट खोचल्या. कुंदाबाई उठून बाहेर आल्या, त्यांनी ते दृश्य पाहिलं आणि आपलीही गोधडी आणून वर घातली. लीलाधरभाऊ डिझेलच्या टाकीजवळ उकिडवे बसले. शेगडीपासून टाकी किती वीत, ते त्यांनी तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा वेगळं आलं. घाम फुटला होता. जानेवारीत, पहाटे, उघड्यावर.

"टाकीला ठिणगी लागली तर गाडीबरोबर आपणही जायचं," ते पुटपुटले.

"मग कचेरीत तरी बसावं लागणार नाही," कुंदाबाई म्हणाल्या.

अर्धा तास सगळं ठीक चाललं. मग भिकुबाईंना वाटलं, नुसता शेक म्हणजे अर्धं काम. बाळंतिणीला धुरी नको का? लीलाधरभाऊ पलीकडे गेलेले पाहून त्यांनी निखाऱ्यावर मूठभर ओवा आणि मूठभर बाळंतशेपा टाकल्या. चार चाकांमधून दाट धूर वर आला आणि गाडी ढगात गेली.

समोरून चिंधा म्हशीचं दूध घेऊन चालला होता. त्यानं धूर पाहिला, दूध खाली ठेवलं आणि बोंब ठोकली.

"आग लागनी! गाडीले आग लागनी!"

दोन मिनिटांत पंधरा माणसं आणि तेवढ्याच बादल्या. तापलेल्या इंजिनवर विहिरीचं गार पाणी पडलं, तर हेड तडकणार, आणि साहेबांना धूरसुद्धा बघावा लागणार नाही. ते हात पसरून बोनेटवर आडवे झाले.

"नका ओतू! आग नाही, शेक आहे, शेक!"

पहिल्या तीन बादल्या त्यांच्याच अंगावर आल्या. चौथीच्या आधी भिकुबाई कमरेला पदर खोचून मधे उभ्या राहिल्या आणि चिंधाला अशा काही शिव्या दिल्या, की तो आपलं दूध उचलून चालता झाला. बाकीचे मात्र थांबले. एवढ्या सकाळी एवढं पाहायला कुठं मिळतं?

सातला पाच कमी असताना साहेबांची जीप आली. कुंदाबाईंनी गोधड्या उचलल्या. भिकुबाईंनी फडक्यानं शेगडी ओढून बाहेर काढली, चार हात लांब नेली आणि तिच्यापुढं निवांत हात शेकत बसल्या.

साहेब उतरले. त्यांनी आधी ओल्याचिंब लीलाधरभाऊंकडे पाहिलं.

"अंघोळ?"

"रोजची, साहेब." लीलाधरभाऊंचे दात वाजत होते. थंडीनं की भीतीनं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

साहेबांनी हवेचा वास घेतला. "ओवा? घरात बाळंतीण आहे का?"

"हां साहेब, शे ना," भिकुबाई म्हणाल्या.

"वा. मुलगा की मुलगी?"

"आते समजी."

"आता समजेल म्हणजे?"

"साहेब, चहा घ्या," कुंदाबाई मधेच म्हणाल्या.

साहेबांनी बोनेटवर हात ठेवला. लीलाधरभाऊंचा जीव त्या तळहाताखाली होता.

"कोमट लागतंय."

"रात्री गोधडी घालतो, साहेब," कुंदाबाईंनी सांगितलं. "घर आहे आमचं."

साहेबांनी मान डोलावली. मग त्यांनी खिशातून किल्ली काढून दिली आणि स्वतः धुराच्या नळीमागे जाऊन उभे राहिले. लीलाधरभाऊंनी डोळे मिटले आणि किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली, दोनदा खोकली आणि चालू झाली. धूर नाही. मागे कोंबडी उभी असती तर तिचं पीससुद्धा मळलं नसतं. पंधरा माणसांनी टाळ्या वाजवल्या. लीलाधरभाऊ स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले, डोळ्यांत पाणीच आलं.

साहेबांनी फाइलवर सही केली.

"लीलाधर, मानलं तुम्हाला. सतरा वर्षांची गाडी आणि अशी निगा. विभागासाठी एक गाडी न्यायची आहे. जिल्ह्यात अशा दोनच. ठरलं असं होतं, की धूर काढणार नाही ती नाशिकला न्यायची आणि धूर काढेल ती जिथं आहे तिथंच, आहे त्या ड्रायव्हरकडे ठेवायची. दुसरी काल नंदुरबारला बघितली, नुसती भट्टी. तुमची आजच घेऊन जातो."

लीलाधरभाऊंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते खिडकीतून अर्धे बाहेर वाकले.

"आणि मी, साहेब?"

"तिकडे ड्रायव्हर आहेत. तुम्ही धुळ्याला या, कचेरीत. आवक-जावक बघा. आरामाचं काम."

"साहेब, गाडी धूर काढते!" लीलाधरभाऊ खाली उडी मारून ओरडले. "रोज काढते. दोन प्लग मेलेत. आम्ही खालून शेकली. शेगडीनं. ही बघा शेगडी, साहेब. बाळंतीण वगैरे कोणी नाही, गाडीच आहे!"

साहेब हसले. "गाडीवर जीव आहे, समजतं मला. पण त्यासाठी खोटं बोलू नये."

"भिकुबाई, तुम्ही तरी सांगा."

भिकुबाईंना साहेब खुश झालेले दिसत होते. त्या अभिमानानं म्हणाल्या, "साहेब, गाडी एकदम बरी शे आते."

लीलाधरभाऊंनी गाडी बंद केली, परत चालू केली. अर्ध्या फेऱ्यातच इंजिन चालू झालं. त्यांनी ॲक्सिलरेटर पार तळाला दाबला आणि धावत मागे आले. नळीपुढं रुमाल धरला. रुमाल कोरडा आणि स्वच्छ. गुडघ्यांवर बसून त्यांनी नळीत डोकावून पाहिलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काळा नाही, निळा नाही, पांढरा तर नाहीच. कुंदाबाई आत जाऊन लोणच्याची बरणी उतरवायला लागल्या होत्या.

साहेबांनी जवळ येऊन त्यांच्या ओल्या खांद्यावर हात ठेवला.

"उठा आता. डोळे एवढे कशानं वाहतायत? धूर गेला का?"

"नाही साहेब," लीलाधरभाऊ म्हणाले. "धूर कुठं आहे?"